रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिले म्हणून किडनी ठीकच असेल, असे नाही

या पानावर आम्ही दर अंकात इतरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. या वेळी आमचीच एक चूक सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी 14 एप्रिलला आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर घेतले होते. जयंतीच्या डीजेचा खर्च कमी करून त्या पैशात रक्ताच्या चाचण्या करायच्या, हे तरुणांनीच ठरवले होते. हिमोग्लोबिन, शुगर आणि क्रिएटिनिन अशा तीन चाचण्या. दुपारी लॅबवाल्याने रिपोर्टचा गठ्ठा आणून दिला आणि आम्ही टेबलाशी बसून एकेकाला समजावू लागलो. खरे सांगायचे तर समजावत नव्हतो. आकडा ठळक छापलेला दिसला की "डॉक्टरांना दाखवा", नाही दिसला की "सगळे ठीक आहे". रांग मोठी होती आणि बाहेर मिरवणुकीची तयारी चालली होती.

त्या रांगेत एक मावशी होत्या. वय 58, अंगकाठी किरकोळ, वजन 42 किलो. सगळा जन्म लोकांची धुणीभांडी करण्यात गेलेला. रिपोर्टवर क्रिएटिनिन 1.2 आणि शेजारी लॅबची मर्यादा 0.6 ते 1.3. आम्ही म्हणालो, "मावशी, किडनी ठीक आहे तुमची." त्यांनी जयभीम केला, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेल्या.

यंदा आषाढ पौर्णिमेला त्या विहारात आल्या तेव्हा चपलेत पाय मावत नव्हते. तोंडाला चव नाही, अंगाला खाज, दोन जिने चढले की दम. सरकारी रुग्णालयात नेले. बीपी 180/100, क्रिएटिनिन 2.8. घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून तोच जुना कागद काढून आमच्यापुढे धरला. "ताई, तुम्हीच तर म्हणाला होता ठीक आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो जुना कागद पाहिला, मोबाइलवर वय, बाई की पुरुष आणि 1.2 हा आकडा घातला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. दोन वर्षांपूर्वीच त्यांच्या किडनीचे काम 52 वर आले होते. आता ते 19 आहे. हा 52 आणि 19 म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कळले असते तर मावशींची दोन वर्षे वाया गेली नसती. म्हणून हा लेख.

कचऱ्याचा ढीग आणि घंटागाडी

आपल्या स्नायूंमध्ये रोज थोडीफार झीज होत असते. त्यातून तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन. तो रक्तात येतो, किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत शरीराला देऊन दीड-दोन लिटरची लघवी करतात. एका किडनीत अशा बारीक गाळण्या सुमारे 10 लाख असतात.

आता वस्तीचेच उदाहरण घ्या. गल्लीच्या कोपऱ्यावर कचरा पडतो, घंटागाडी तो उचलून नेते. रक्ताची चाचणी काय मोजते? कोपऱ्यावरचा ढीग. घंटागाडी दिवसातून किती खेपा करते, ते ती मोजत नाही. ढिगावरून गाडीचा अंदाज बांधायचा असतो. पण ज्या गल्लीत दहाच घरे आहेत तिथे मुळात कचरा कमी. गाडी निम्म्या खेपा करू लागली तरी ढीग फारसा वाढलेला दिसत नाही. शंभर घरांच्या गल्लीत तेवढाच ढीग असेल तर गाडी व्यवस्थित चालली आहे असे समजावे.

आमच्या मावशी म्हणजे दहा घरांची गल्ली. अंगावर मांस नाही, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होते. अशा बाईच्या रक्तात 1.2 साठणे म्हणजे गाडीच्या खेपा जवळजवळ निम्म्यावर आल्या. तोच 1.2 हा आकडा हमाली करणाऱ्या 25 वर्षांच्या तरुणाचा असता, तर हिशेब 86 च्या आसपास आला असता आणि काळजीचे कारण नसते. लॅबच्या कागदावरची मर्यादा मात्र बऱ्याचदा दोघांना एकच छापलेली असते. काही लॅब बायका-पुरुषांची वेगळी मर्यादा देतात, पण वयाचा आणि अंगकाठीचा विचार त्यातही नसतो.

हा जो हिशेब करतात त्याला ईजीएफआर म्हणतात. क्रिएटिनिनचा आकडा, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावर तो निघतो. ढोबळमानाने ती किडनीच्या कामाची टक्केवारी समजायला हरकत नाही. 90 च्या वर असेल तर चांगले. 60 ते 89 असेल आणि लघवीत प्रोटीन जात नसेल, बाकी काही बिघाड नसेल, तर वयोमानाप्रमाणे तेही चालते. 60 च्या खाली येऊन तीन महिने तसेच राहिले तर किडनीचा जुनाट आजार धरतात. 30 च्या खाली गेले की किडनीच्या तज्ज्ञाकडे जायलाच हवे आणि 15 च्या खाली डायलिसिसची तयारी ठेवावी लागते. बऱ्याच लॅब आता रिपोर्टवर हा आकडा छापतात. छापला नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "ईजीएफआर किती आला?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. 1 वरून 2 होणे आणि 7 वरून 8 होणे, दोन्हीत फरक एकाचाच. पण नुकसान सारखे नाही. क्रिएटिनिन दुप्पट झाले की किडनीचे काम साधारण निम्मे झाले असे समजतात. म्हणजे 1 चे 2 होताना निम्मी किडनी गेली, 2 चे 4 होताना उरलेल्यातली निम्मी. मोठे नुकसान सुरुवातीलाच होते आणि नेमके तेव्हाच आकडा लहान दिसतो. "फक्त एक पॉइंट वाढलाय" म्हणून जो कागद बाजूला ठेवला जातो, तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. गेल्या वर्षी 0.7 आणि यंदा 1.1 असेल तर दोन्ही आकडे मर्यादेत असले तरी डॉक्टरांना दाखवले पाहिजेत.

(ज्यांची मुले आखातात कामाला आहेत त्यांच्यासाठी एक टीप: तिकडच्या रिपोर्टवर 106 असा आकडा दिसला तर घाबरू नका, मोजमाप वेगळे आहे. त्याला 88.4 ने भागले की आपला 1.2 येतो.)

एकाच रिपोर्टवर घाबरूनही जाऊ नये. रविवारी मटण झाले आणि सोमवारी सकाळी रक्त दिले, आदल्या दिवशी स्लॅबवर जबर काम केले, जुलाबाने अंगातले पाणी गेले, जिममधली क्रिएटिनची पावडर चालू आहे, यातल्या कशानेही आकडा वर जातो. अशा वेळी डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा चाचणी करायला सांगतात, ती टाळू नका.

स्वस्तातली चाचणी, जी कोणी करत नाही

मावशींच्या लघवीला वर्षभरापासून फेस येत होता. सार्वजनिक संडासात कोण बघते? बघितले तरी कोणाला सांगणार?

किडनीची गाळणी फाटू लागली की रक्तातले प्रोटीन लघवीत उतरते. हे बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. साध्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन किंवा प्रोटीनपुढे अधिकची खूण (+) येते. शुगर असलेल्यांनी त्याहून बारीक चाचणी करावी, तिला एसीआर म्हणतात. तिचा आकडा 30 च्या खाली हवा. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रोटीन, दोन्ही तपासून घ्यावे. आमच्या शिबिरात लघवीची तपासणी ठेवलीच नव्हती. डबी कुठे द्यायची, बायका लाजतील, असा विचार करून आम्ही ती गाळली. शिबिरातली सर्वांत उपयोगी चाचणी तीच ठरली असती.

किडनी खराब करणारे दोन मोठे आजार म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटच्या काळात किती छळले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. तरीही आपल्याकडे शुगर लपवतात. पोरीचे लग्न ठरायचे आहे म्हणून आईची शुगर लपवलेली आम्ही पाहिली आहे.

शुगरच्या जुन्या रुग्णांसाठी एक इशारा. औषध तेच, खाणे तेच आणि शुगर मात्र आपोआप उतरू लागली, चक्कर येऊ लागली, तर आनंद मानू नका. किडनी थकली की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, त्यामुळे असे होते. लगेच क्रिएटिनिन तपासा.

अंगदुखीची गोळी

आता ज्या प्रश्नाने आम्हाला सर्वांत जास्त अपराधी वाटले त्याकडे येतो. मावशी गुडघ्यांसाठी रोज एक गोळी घेत होत्या, चार वर्षे. डॉक्टरची चिठ्ठी नाही. मेडिकलवाल्याला "ती पिवळी द्या" म्हटले की मिळे. दिवसभर ओणवून भांडी घासायची, फरशी पुसायची. गोळी घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नव्हते, आणि कामावर गेले नाही तर खाडा. हे आम्ही शिबिरात विचारले असते तर तिथेच सापडले असते.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाने दोन-चार दिवस घेतल्याने सहसा काही होत नाही. पण रोज, वर्षानुवर्षे, त्यात बीपी, त्यात उन्हात काम आणि अंगात पाणी कमी, असे सगळे जुळून आले की किडनी मार खाते. बिगारी, हमाल, सफाई कामगार, ऊसतोडीला जाणारे आपले बांधव यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोड मजुरांच्या किडन्या भर तारुण्यात निकामी होतात, शुगर-बीपी काही नसताना. कडक उन्हातली मेहनत आणि पाण्याची कमतरता हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

मग दुखण्याचे काय करायचे? नुसते "गोळी बंद करा" म्हणणे सोपे आहे. डॉक्टरांनी मावशींना पॅरासिटामॉल ठरावीक मात्रेत दिले, गुडघ्याला शेक आणि मांडीचे व्यायाम सांगितले. दुखणे पूर्ण गेलेले नाही. सुनेने दोन घरची कामे स्वतःकडे घेतली, त्यामुळे तिच्या कमरेचे आता पाहायचे आहे.

गोळीच्या जोडीला काढे आणि भस्मेही येतात. "क्रिएटिनिन पंधरा दिवसांत खाली" अशी जाहिरात करणारे बरेच आहेत. काही भस्मांत पारा, शिसे असे जड धातू असतात आणि ते किडनीलाच खातात. शिवाय आकडा खाली आला म्हणजे किडनी सुधारली असेही नाही. माणसाला उपाशी ठेवले, मांस झडले, की क्रिएटिनिन आपोआप उतरते. गल्लीतली घरेच रिकामी झाली तर कोपऱ्यावरचा ढीग कमी दिसणारच. गाडी काही जास्त खेपा करू लागलेली नसते. आपल्याला कालामसुत्त तोंडपाठ असते. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी हे त्यातले सांगणे औषधाच्या बाबतीतही वापरायला हवे.

याच्या उलट एक चूक होते. बीपीच्या टेल्मीसार्टन, रॅमीप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या किडनीला सांभाळतात, विशेषतः लघवीत प्रोटीन जात असेल तर. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. ते पाहून लोक गोळी स्वतःच बंद करतात. तसे करू नका. डॉक्टर दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून ठरवतात. वाढ 30 टक्क्यांच्या आत असेल तर सहसा गोळी चालू ठेवतात. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, कारण तेवढ्या दिवसांपुरत्या या गोळ्या थांबवाव्या लागू शकतात.

ताटातले आणि पाण्याचे

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे सपाट एक चमचा, सगळ्या जेवणात मिळून. आपल्या घरात खरी अडचण सुकट, बोंबील, पापड, लोणचे आणि मुलांच्या वेफर्सची. सुकट आवडते हे आम्हालाही माहीत आहे. करण्याआधी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा फेकले तर मीठ बरेच कमी होते. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ महाग मिळते त्यात पोटॅशियम असते. किडनीच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये. शाळेबाहेर तिखट-मीठ लावून मिळणारे कमरख किडनीच्या रुग्णाला विषासारखे आहे, ते अजिबात नको.

डाळ, अंडी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधीच अशक्त असलेल्या बाईची डाळ बंद करून काही साधत नाही. किती खायचे ते डॉक्टर वजनावरून सांगतात.

पाण्याबद्दल एकच नियम सगळ्यांना लागू नाही. उन्हात राबणाऱ्याने भरपूर प्यावे. पायावर सूज आलेल्या, लघवी कमी झालेल्या रुग्णाने डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच प्यावे. पण वस्तीतल्या बायकांचे दुखणे वेगळेच आहे. संडास लांब, रात्री दिवा नाही, कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग आणि तो वर चढला की थंडी-ताप आणि कमरेत कळ. यावर औषध लिहून देता येते, पण वस्तीत दिवा असलेला, आतून कडी लागणारा संडास कोणत्या मेडिकलमध्ये मिळत नाही. तो नगरसेवकाकडे मागावा लागतो.

पावसाळ्यातला ताप

किडनी नेहमीच हळूहळू जाते असे नाही. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर होणारा लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, जोरदार जुलाब यांत ती चार दिवसांत बंद पडू शकते. 2005 च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईने हे पाहिले आहे. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे आणि लघवी कमी, असे झाले तर पेनकिलर घेऊन पडून राहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा आजारात डायलिसिस लागले तरी ते अनेकदा थोड्या दिवसांपुरते असते आणि किडनी पुन्हा कामाला लागते. "एकदा मशीनवर घातले की संपले" या भीतीने नकार देऊन माणूस गमावल्याची उदाहरणे आहेत.

खर्चाचे थोडक्यात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. डायलिसिससाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 पासून आहे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना तो मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण बसते. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, पैसे भरायच्या खिडकीवर नंतर. ज्याला पुढे डायलिसिस लागू शकते त्याने डाव्या हाताच्या (डावखुरा असेल तर उजव्या) कोपराजवळच्या आणि मनगटाच्या शिरा जपाव्यात. रक्त घेताना, सलाईन लावताना "या हाताला नको" असे सांगावे. पुढे फिस्टुला तिथेच करतात.

मावशींचे बीपी आता 130 च्या आसपास आहे. पायांची सूज उतरली. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन 2.7 आले. डायलिसिस अजून लागलेले नाही. किती दिवस लागणार नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

त्या 14 एप्रिलची वही आम्ही पुन्हा उघडली आहे. नाव, वय आणि क्रिएटिनिन लिहिलेले होते, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब नव्याने करता आला. ज्यांचा आकडा 60 च्या खाली आला त्यांच्या घरी आम्ही जात आहोत. दोन कुटुंबे वस्ती सोडून गेली आहेत, त्यांचा पत्ता लागत नाही. त्या शिबिरात आपण किंवा आपल्या घरातल्या कोणी रक्त तपासले असेल आणि आम्ही अजून पोहोचलो नसू, तर रविवारी वंदनेनंतर तो कागद घेऊन विहारात यावे. रोज घेता त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही सोबत आणावीत, रिकामी असली तरी.